पावसाळ्यात घरातली हवा: चवथीच्या आरतीपासून आजाऱ्याच्या खोलीपर्यंत

गोव्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत घरं मिटलेली असतात. सरींचा मारा पश्चिमेकडून येतो म्हणून त्या बाजूच्या खिडक्या लागतात, मग डासांमुळे बाकीच्याही लागतात. नेमक्या याच दिवसांत भारतात फ्लूचा एक मोठा हंगाम असतो. दुसरा जानेवारी ते मार्चमध्ये येतो. आणि मध्ये येते चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. मुंबईहून, पुण्याहून, बंगळूरहून माणसं मूळ घरी जमतात, एका खोलीत पंचवीस-तीस जण दाटीने उभे राहून तासभर आरत्या म्हणतात. आठवड्याभरात घरोघरी खोकला सुरू होतो आणि आपण म्हणतो, पोर पावसात भिजलं, पाणी बाधलं. भिजल्याने विषाणू तयार होत नाही. तो त्या खोलीतल्या कुणाच्या तरी श्वासातून आलेला असतो.

हे बऱ्याच प्रमाणात टाळता येतं, आणि त्यासाठी सण टाळावा लागत नाही. खिडकी उघडा, असा सल्ला सगळेच देतात; तो अर्धाच आहे. आलेल्या हवेला बाहेर पडायची वाट कुठून, हे ठरवून दिल्याशिवाय खोलीतली हवा बदलत नाही. या लेखातलं बहुतेक सगळं त्या एका गोष्टीभोवती आहे.

आधी शत्रू ओळखा

श्वास सोडताना, बोलताना, गाताना आपल्या तोंडा-नाकातून द्रवाचे अतिसूक्ष्म कण उडतात. १०० मायक्रॉनचा थेंब (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) काही सेकंदांत जमिनीवर पडतो. ५ मायक्रॉनचा कण दीड मीटर उंचीवरून शांत हवेत खाली यायला अर्धा तास घेतो, आणि १ मायक्रॉनच्या कणाला जवळजवळ बारा तास लागतात. खोलीतली हवा कधीच पूर्ण शांत नसते, त्यामुळे हे बारीक कण खाली बसतच नाहीत म्हटलं तरी चालेल. विषाणू त्यांच्यात बसून फिरतो. गोवराचा विषाणू तर रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत राहून दुसऱ्याला गाठू शकतो.

श्वास म्हणजे उदबत्तीचा धूर असं डोळ्यांपुढे आणा. उदबत्तीच्या अगदी जवळ बसलात तर धूर दाट लागतो. खोली बंद असेल तर थोड्या वेळाने तो कोपऱ्यातल्या माणसालाही लागतो. म्हणून धोके दोन आहेत: समोरासमोर जवळून बोलण्याचा एक, आणि खोलीत साचत जाणाऱ्या हवेचा दुसरा. पहिल्यावर अंतर आणि मास्क हे उपाय. दुसऱ्यावर सहा फुटांचं अंतर फारसं काही करत नाही, तिथे हवाच बदलावी लागते.

हे कळायला जगाला वेळ लागला. २८ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविड हवेतून पसरत नाही असं ठासून सांगितलं होतं. त्याच्या अडीच आठवडे आधी, १० मार्चला, अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात एका गायकवृंदाची अडीच तासांची तालीम झाली होती. हजर ६१ जण. त्यातला एक आजारी. नंतर तब्बल ५२ जणांना लागण झाल्याचं किंवा झाली असावी असं आढळलं. त्याआधी जानेवारीत चीनच्या ग्वांगझू शहरातल्या एका उपाहारगृहात शेजारच्या तीन टेबलांवरच्या तीन कुटुंबांत मिळून १० जण बाधित झाले. तिथे एसी तीच हवा त्या तीन टेबलांवरून फिरवत होता आणि बाहेरची ताजी हवा जवळजवळ येतच नव्हती. जुलै २०२० मध्ये लिडिया मोरावस्का आणि डोनाल्ड मिल्टन यांनी २३९ शास्त्रज्ञांच्या पाठिंब्याने जाहीर आवाहन केलं, तेव्हा कुठे चर्चेला तोंड फुटलं. आपल्याकडे मे २०२१ मध्ये केंद्राच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने सूक्ष्म कण १० मीटरपर्यंत जाऊ शकतात असं सांगून खिडक्या, झरोके आणि एक्झॉस्ट फॅनवर भर देणारी सूचनापत्रिका काढली. ती साध्या भाषेत होती आणि खेड्यातल्या घरांचाही तिच्यात विचार होता. दुर्दैवाने सॅनिटायझरच्या बाटल्या लोकांच्या लक्षात राहिल्या, ती पत्रिका नाही.

पायरी १: खोली मोजा

टेप घ्या आणि ज्या खोलीत माणसं जास्त वेळ जमतात तिची लांबी, रुंदी, उंची मोजा. समजा हॉल ४ मीटर लांब, साडेतीन मीटर रुंद आणि ३ मीटर उंच आहे. घनफळ ४२ घनमीटर. या खोलीत तासाला ४२ घनमीटर ताजी हवा आली तर तिला तासाला एक बदल म्हणतात. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२३ मध्ये किमान पाच बदलांचं लक्ष्य सुचवलं. म्हणजे आपल्या हॉलला तासाला २१० घनमीटर हवा हवी. हा आकडा लिहून ठेवा, पुढे पंखा किंवा प्युरिफायर घेताना तोच उपयोगी पडतो.

पाच बदल म्हणजे हवा पाच वेळा पूर्ण पुसली जाते असं नाही. नवी हवा जुन्यात मिसळत मिसळत जुनी पातळ होत जाते. तासाला एकच बदल होत असेल तर खोलीतले ९९ टक्के कण जायला साडेचार तासांहून जास्त वेळ लागतो. सहा बदल असतील तर ४६ मिनिटं, बारा असतील तर २३ मिनिटं. काचा लावलेल्या फ्लॅटमध्ये अनेकदा एक बदलही होत नाही.

जुनी गोमंतकीय घरं या बाबतीत शहाणी होती. मधलं राजांगण म्हणजे घराच्या पोटातला उघडा चौक, उंच छप्पर, मंगळुरी कौलांमधल्या फटी: गरम हवा वर चढायची आणि कौलांतून निघून जायची, तिच्या जागी ओसरीकडून नवी यायची. आज त्याच घरांत कौलांखाली फॉल्स सीलिंग लागलंय, राजांगणावर पारदर्शक पत्रा चढलाय आणि ओसरीला ॲल्युमिनियमच्या काचा बसल्यात. पाणी गळायचं थांबलं हे खरं, पण हवेची वाटही बुजली. पत्रा घालायचाच असेल तर तो भिंतीपेक्षा फूटभर उंच, चारी बाजूंनी मोकळा ठेवायला सांगा. सुताराला आणि फॅब्रिकेटरला हे अगदी सहज जमतं, फक्त आधी सांगावं लागतं.

पायरी २: हवा कुठून येते, कुठून जाते ते बघा

उदबत्ती पेटवा आणि प्रत्येक खिडकीपाशी, दारापाशी, स्वयंपाकघराच्या एक्झॉस्टपाशी एकेक मिनिट धरा. धूर आत वळतो की बाहेर? की सरळ वर जातो? कागदावर घराचा कच्चा नकाशा काढून बाण मारा. पंधरा मिनिटांत कळतं की अमुक खिडकी नावालाच आहे.

यात स्लायडिंग खिडकी बारकाईने बघा. दोन पाट्यांची असेल तर ती कधीच निम्म्याहून जास्त उघडत नाही. त्यावर डासांची जाळी. जाळी उजेडासमोर धरून पाहा: स्वयंपाकघराजवळची असेल तर धूळ आणि तेलाचा पिवळसर थर भोकांत बसलेला दिसतो, काही ठिकाणी भोकंच नाहीशी झालेली असतात. गोव्यात डेंग्यू-मलेरिया आहे, त्यामुळे जाळी काढा असं मी कधीच म्हणणार नाही. चौकट काढा, मऊ ब्रश आणि भांड्यांच्या साबणाने धुवा, दर महिन्याला धुवा. एवढ्यानेही वारा वाढल्याचं हाताला कळतं.

आता वाटेचं गणित. समोरासमोर दोन उघड्या जागा आहेत, प्रत्येकी अर्धा चौरस मीटर, आणि मधून सेकंदाला ३० सेंटिमीटर वेगाने हवा जातेय. ही झुळूक गालाला जेमतेम जाणवते. तरीही तासाला ५४० घनमीटर हवा जाते, म्हणजे आपल्या हॉलमध्ये तासाला बारा-तेरा बदल. एकच खिडकी उघडी आणि दार बंद असेल तर यातला फार थोडा भाग हाती लागतो, कारण हवेला तिथूनच यायचं आणि तिथूनच जायचं असतं. म्हणून बेडरूमची खिडकी उघडलीत तर दारही उघडं ठेवा आणि घराच्या दुसऱ्या टोकाला काहीतरी उघडं असू द्या.

पायरी ३: पाऊस पडत असताना

मुसळधार पावसात पश्चिमेची खिडकी उघडा असा सल्ला मी देणार नाही. त्याची गरजही नाही. वारा पश्चिमेकडून घरावर आपटतो तेव्हा पूर्वेच्या बाजूला दाब कमी होतो आणि तिकडची खिडकी हवा बाहेर ओढते. तिकडे पाऊसही फारसा आत येत नाही. तर पूर्वेकडची खिडकी पूर्ण उघडा, आणि पश्चिमेला छज्जाखालची एखादी खिडकी चार बोटं उघडी ठेवा किंवा बाथरूमच्या काचपट्ट्यांचा झरोका तिरका ठेवा. एवढ्या फटीतूनही चांगली हवा येते. पूर्वी ओसरीला माडाच्या चुडतांच्या विणलेल्या झापा बांधत; त्या पाणी अडवत आणि वारा गाळून आत सोडत. त्यांच्या जागी आलेली ताडपत्री दोन्ही अडवते. ताडपत्रीच बांधायची असेल तर खाली आणि वर वीतभर जागा सोडून बांधा.

वारा पडलेला असतो त्या दमट दिवसांत पंख्याची मदत घ्यावी लागते. इथे बहुतेक घरांत एक गैरसमज आहे: छताचा पंखा लावला की हवा खेळती झाली. छताचा पंखा खोलीतलीच हवा खोलीत फिरवतो. अंगाला बरं वाटतं, हवा तीच राहते. त्यापेक्षा उभा पंखा किंवा टेबलफॅन घ्या, तोंड खिडकीकडे करून खिडकीपासून दोन-तीन फुटांवर ठेवा आणि हवा बाहेर ढकलू द्या. आपल्याला वारा लागत नाही म्हणून हे विचित्र वाटतं, पण घरातली हवा त्यानेच बदलते. दुसऱ्या टोकाची खिडकी उघडी असली की तिथून ताजी हवा आपोआप ओढली जाते.

कायमचा उपाय म्हणजे एक्झॉस्ट फॅन. तो विकत घेताना खोक्यावर तासाला किती घनमीटर हवा जाते तो आकडा असतो. प्रत्यक्षात जाळी, झडप आणि पाईप यांमुळे तेवढी मिळत नाही; निम्मी मिळेल असं धरून चाला. आपल्या हॉलला २१० हवे, तर खोक्यावर ४२० च्या आसपास असावं. बसवल्यावर वर्षातून दोनदा बाहेरची झडप तपासा. खाऱ्या हवेत ती गंजते, त्यावर जळमटं आणि चिकट धूळ बसते, आणि पंखा फिरतोय पण झडप मिटलेलीच, असं खूप घरांत दिसतं.

एसीबद्दल थोडक्यात. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. तो खोलीतलीच हवा गार करून परत सोडतो, आणि त्याची धुण्याची जाळी विषाणू पकडत नाही. एसी लावून माणसं बसणार असतील तर खिडकी दोन-तीन बोटं उघडी आणि बाथरूमचा एक्झॉस्ट चालू ठेवा. वीज थोडी जास्त जळेल. ती जळू द्यावी असं माझं स्पष्ट मत आहे.

पायरी ४: आकडा हातात असू द्या

कार्बन डायऑक्साइडचा मीटर ही या कामातली सर्वांत उपयोगी वस्तू. बाहेरच्या हवेत हा वायू सुमारे ४२० ते ४३० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत तेवढे भाग, असतो. आपण सोडलेल्या श्वासात ४०,००० च्या आसपास. खोलीतला आकडा जितका चढेल तितकी आपण एकमेकांचा श्वास परत ओढतोय. ८०० वर आकडा असेल तर आत घेतलेल्या हवेतला साधारण १ टक्का भाग कुणाच्या तरी फुप्फुसातून आलेला असतो.

घेताना एनडीआयआर सेन्सरचा, म्हणजे अवरक्त प्रकाशाने हा वायू मोजणारा घ्या. स्वस्तात मिळणारे काही मीटर हा वायू मोजतच नाहीत, दुसऱ्याच वाफांवरून अंदाज दाखवतात. ओळखायची युक्ती सोपी: मीटरजवळ सॅनिटायझर लावलेला हात न्या. आकडा एकदम उसळला तर तो मीटर या कामाचा नाही. खरा मीटर बाहेर मोकळ्यावर थोडा वेळ ठेवला की ४२०-४५० च्या आसपास येतो.

८०० च्या खाली असेल तर ठीक. हजार ओलांडला की खिडक्या-पंख्यांकडे बघा. पंधराशेला पोहोचला तर कार्यक्रम आवरा किंवा बाहेर हलवा. दार-खिडक्या लावून दोन माणसं रात्रभर झोपली तर सकाळी आकडा दोन हजारांवर जाणं अगदी सहज घडतं, तेव्हा घाबरू नका, दार उघडून झोपा.

मीटरच्या मर्यादाही ओळखून असा. समई, निरांजनं, गॅसची शेगडी यांनी आकडा वाढतो, पण त्यात विषाणू नसतो. उलट प्युरिफायर विषाणू कमी करतो आणि आकडा तिथेच राहतो. मोठ्या सभागृहात चारच माणसं असतील तर आकडा कमी दिसेल, पण त्यातला एक आजारी तुमच्या शेजारी बसला असेल तर मीटर ते सांगणार नाही.

या मीटरने खोलीचे बदलही मोजता येतात. माणसं जमून आकडा चढला, समजा १६२० झाला, की सगळ्यांनी बाहेर जायचं आणि घड्याळ लावायचं. बाहेरचे ४२० वजा केले तर जादा १२००. हा जादा भाग साधारण एक-तृतीयांशावर, काटेकोर सांगायचं तर ३७ टक्क्यांवर म्हणजे ४४० च्या आसपास यायला किती वेळ लागला ते बघा. म्हणजे मीटरवर ८६०. वीस मिनिटं लागली तर तासाला तीन बदल. बारा मिनिटं लागली तर पाच. खिडक्या बंद, एक उघडी, दोन समोरासमोर, दोन अधिक पंखा: असे चार प्रयोग एका सुट्टीच्या दिवशी होतात. शाळेतल्या आठवी-नववीच्या मुलांना हे करायला द्या, ती फार मन लावून करतात.

पायरी ५: खिडकी नसेल तिथे गाळणी

प्युरिफायरमधला हेपा फिल्टर, म्हणजे दाट तंतूंची गाळणी, ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के पकडतो. विषाणू त्याहून लहान असतो, मग फिल्टरमधून निसटणार नाही का, असं विचारतात. दोन कारणांनी नाही. विषाणू सुटा फिरत नाही, मोठ्या कणात बसून फिरतो. आणि ०.३ च्या आसपासचा आकारच पकडायला सर्वांत अवघड. त्याहून बारीक कण हवेच्या रेणूंच्या धक्क्यांनी वेडेवाकडे हलतात आणि तंतूंना जास्त चिकटतात.

प्युरिफायर घेताना सीएडीआर, म्हणजे यंत्र किती स्वच्छ हवा देतं, हा आकडा पाहा, तो तासाला घनमीटरमध्ये असतो. आपल्या हॉलला २१० हवे. मात्र हा आकडा सर्वांत जास्त वेगाचा असतो, आणि त्या वेगावर यंत्र इतकं घोंघावतं की घरातले पहिल्या दिवशीच बंद करतात. म्हणून ४०० च्या आसपासचं घ्या आणि मधल्या वेगावर चालवा. ऑटोवर कधीच ठेवू नका. ऑटो धूळ मोजून वेग ठरवतं. पावसाळ्यात गोव्यात हवेत धूळ नसते, त्यामुळे खोलीत दहा माणसं खोकत असली तरी यंत्र निवांत मंद फिरत राहतं. सोफ्यामागे किंवा कोपऱ्यातही नको. चारी बाजूंनी फूटभर मोकळं हवं.

रिचर्ड कॉर्सी आणि जिम रोझेन्थाल या दोन अमेरिकनांनी २०२० मध्ये हवा गाळणारं घरगुती खोकं लोकप्रिय केलं: मर्व्ह १३ दर्जाचे (मर्व्ह हे फिल्टरच्या बारीकपणाचं माप) घड्या घातलेले चार फिल्टर चौकोनी उभे करून टेपने जोडायचे, खाली पुठ्ठा, वर पंखा, हवा वरच्या बाजूला बाहेर. आपल्याकडे तसला चौकोनी पंखा सहज मिळत नाही, पण पुठ्ठ्याला गोल भोक पाडून त्यात एक्झॉस्ट फॅन बसवला तरी काम होतं. विजेचं काम जाणकाराकडून करून घ्या आणि फटी टेपने नीट बुजवा. शाळेच्या वर्गाला यापेक्षा स्वस्त आणि चांगलं काही मला ठाऊक नाही.

पायरी ६: चवथीची आरती

आता मूळ प्रसंगाकडे. माटोळीखाली, म्हणजे वर टांगलेल्या फळा-फुलांच्या चौकटीखाली गणपती, समोर घुमट, शामेळ, कांसाळं ही वाद्यं, आणि पंचवीस जण मोठ्याने आरत्या म्हणताहेत. खोली २० चौरस मीटर, ३ मीटर उंच: ६० घनमीटर. एक माणूस तासाला साधारण २० लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. पंचवीस जणांचे ५०० लिटर. सगळं बंद असेल तर पाव तासात आकडा दोन हजारांनी चढतो, म्हणजे अडीच हजारांवर. गाताना सूक्ष्म कणही साध्या बोलण्याहून बरेच जास्त उडतात, आणि आवाज जितका चढा तितके जास्त. वॉशिंग्टनच्या गायकवृंदाच्या खोलीत आणि आपल्या देवाच्या खोलीत या बाबतीत फरक नाही.

आरती सोडायची नाही, तर एवढं करायचं. गणपती बसवायची जागा ठरतानाच खोलीला दोन बाजूंनी उघडी वाट आहे का ते बघा. माटोळीच्या फळांनी आणि पडद्यांनी मागची खिडकी झाकली जाते, ती झाकू नका. मखराच्या मागे हातभर जागा सोडली तर खिडकी उघडी राहते. त्या खिडकीत बाहेर फेकणारा पंखा लावा. खोलीत आरती म्हणणारे आणि वाजवणारे असू द्या. बाकीच्यांनी ओसरीवर, बाल्कांवात (दारापुढच्या बैठकीत), मांडवात उभं राहून टाळ्या वाजवत साथ द्यावी, आवाज तिथेही पोहोचतो. म्हाताऱ्या माणसांची खुर्ची ताजी हवा आत येते त्या दारापाशी ठेवा, पंख्यापाशी नको, कारण तिकडे साऱ्या खोलीची हवा जाते. आरत्या लांबत असतील तर मध्ये दहा मिनिटं खोली रिकामी करून सगळ्यांनी अंगणात यावं. पंगत तर मांडवातच घ्या, जेवताना मास्क नसतो आणि बोलणं सर्वांत जास्त होतं.

आणि एक गोष्ट मोकळेपणाने बोलली पाहिजे. घसा खवखवतोय, अंग मोडून आलंय, ताप येऊन गेलाय, अशा माणसाने आरतीला खोलीत येऊ नये, आणि आला नाही म्हणून कुणी वाईट वाटून घेऊ नये. घरातल्या कर्त्या माणसाने चवथीच्या आधीच कुटुंबाच्या ग्रुपवर हे लिहून टाकावं, म्हणजे ऐनवेळी संकोच होत नाही. अर्थात फ्लूचा माणूस लक्षणं दिसायच्या एक दिवस आधीपासून विषाणू पसरवू शकतो, त्यामुळे सगळे ठणठणीत दिसत असले तरी पंखा लावायचाच.

वास्कोचा दामोदर भजनी सप्ताह रोगराईच्या काळात सुरू झाला असं परंपरा सांगते. साथीच्या दिवसांत एकत्र येण्याची ओढ आपल्याकडे जुनी आहे आणि ती मला मोलाची वाटते. भजनाच्या जागेला मात्र दोन बाजूंनी वारा हवा. देवळांच्या सभामंडपाला बहुधा दोन्ही अंगांना खिडक्या किंवा कठडे असतात. भजन सुरू व्हायच्या आधी त्या साऱ्या उघडायचं काम एखाद्या तरुणाकडे ठरवून द्या.

पायरी ७: बाहेर पडल्यावर

फेरी बोटीत उघड्यावर उभे राहा, तिथे धोका फार कमी. बसमध्ये पाऊस आला की सगळी शटरं खाली येतात. दारापाशी जागा बघा आणि मास्क लावा. टॅक्सीत किंवा स्वतःच्या गाडीत एसीची आतलीच हवा फिरवणारी कळ बंद करा. पाऊस नसेल तर पुढची एका बाजूची आणि मागची विरुद्ध बाजूची काच थोडी उतरवा.

फ्लॅटमध्ये चालणाऱ्या शिकवण्यांची मला जास्त काळजी वाटते. एका बेडरूममध्ये वीस मुलं, एसी, दार लावलेलं, दोन तास. पालकांनी शुल्काइतकंच हेही विचारावं: खिडकी उघडी असते का, एक्झॉस्ट आहे का, मीटर ठेवता का? शिक्षकांना ते जड वाटू नये. वर्गात पेंगणाऱ्या मुलांचा आणि चढलेल्या आकड्याचाही संबंध असतो, हे एकदा मीटर ठेवला की त्यांच्याच लक्षात येतं.

मास्कबद्दल: साधा सर्जिकल मास्क गालांपाशी उघडा राहतो आणि हवा तिथूनच जाते. एन९५ किंवा बीआयएस चिन्ह असलेला एफएफपी२ घ्या, डोक्यामागे दोन पट्टे असलेला उत्तम. नाकाची पट्टी दोन्ही हातांनी दाबा, जोराने श्वास सोडा. चष्म्यावर वाफ आली तर बसला नाही. झडपवाला मास्क लावणाऱ्याला वाचवतो, पण त्याचा श्वास गाळत नाही.

यावर पैसे घालू नका

कापूर, धूप, कडुनिंबाची धुरी यांनी हवेतला विषाणू जात नाही. उलट बारीक धूर दमेकऱ्याला त्रास देतो. पूजेसाठी लावा, औषध म्हणून नको. ओझोन सोडणारी यंत्रं फुप्फुसाला घातक. टेबलावरचे प्लास्टिकचे पडदे शिंक अडवतात, पण तरंगणारे कण त्यांना वळसा घालतात आणि खोलीत हवा मात्र कोंडते. जंतुनाशकाच्या फवाऱ्याने हवा शुद्ध होत नाही.

पायरी ८: घरात कुणी आजारी पडलं तर

कडेची, स्वतंत्र बाथरूम असलेली खोली द्या. त्या खोलीच्या खिडकीत बाहेर फेकणारा पंखा, दार लावलेलं, दाराखाली बोटभर फट तशीच मोकळी. आता घराच्या बाजूने दाराच्या फटीपाशी उदबत्ती धरा. धूर खोलीच्या आत वळला पाहिजे. बाहेर येत असेल तर घराच्या बाकीच्या खिडक्या जास्त उघडा किंवा पंखा वाढवा, आणि पुन्हा बघा. ही चाचणी दिवसातून दोन-तीनदा करा, कारण वारा फिरला की दिशा उलटते. जेवण-औषध द्यायला जाताना दोघांनीही एन९५ लावावा. खोलीत प्युरिफायर असेल तर तो आजाऱ्याच्या उशापाशी ठेवावा.

इमारतींमध्ये आणखी एक वाट लक्षात घ्यावी लागते. २००३ मध्ये हाँगकाँगच्या ॲमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्सची ३०० हून अधिक रहिवाशांना लागण झाली. तपासात कोरडे पडलेले सांडपाण्याचे सापळे (ट्रॅप, म्हणजे पाणी धरून पाईपमधली हवा अडवणारा भाग) आणि बाथरूमचे एक्झॉस्ट फॅन यांच्याकडे बोट दाखवलं गेलं: सापळ्यात पाणी नव्हतं, त्यामुळे पाईपमधली दूषित हवा पंख्याच्या ओढीने घरात आली. गोव्यात वर्षातले दहा महिने कुलूपबंद असलेले फ्लॅट आणि न वापरलेली बाथरूम्स कितीतरी आहेत. तिथल्या नहाणी ट्रॅपमध्ये आठवड्याला एकदा तांब्याभर पाणी ओता. सुट्टीला आलात तर आधी पाणी ओता, मग एक्झॉस्ट लावा. बाथरूमचा पंखा सामायिक डक्टमध्ये उघडत असेल तर वरच्या-खालच्या शेजाऱ्यांना घरात आजारी माणूस आहे एवढं सांगून ठेवा, म्हणजे ते आपली डक्टकडची खिडकी लावून घेतील.

घरात ऑक्सिमीटर असेल तर आकडा ९४ च्या खाली जातोय का ते बघा. धाप लागणं, ओठ निळसर होणं, गुंगी, लहान मुलाने दूध-पाणी सोडणं, किंवा ताप उतरून पुन्हा चढणं, यांपैकी काही दिसलं तर वाट न बघता डॉक्टरांकडे न्या, गरज पडली तर १०८ ला फोन करा. ज्येष्ठ, गरोदर आणि मधुमेही माणसांच्या फ्लूच्या लशीबद्दल डॉक्टरांना पावसाळ्याआधीच, मेमध्ये विचारा. लस लागू पडायला सुमारे दोन आठवडे लागतात. मुलांच्या गोवर-रुबेलाच्या दोन मात्रा राहिल्या असतील तर जवळच्या आरोग्य केंद्रात त्या मोफत मिळतात.

आजारी माणूस बरा होऊन खोली सोडेल त्या दिवशी चादरी काढायच्या आधी पंखा चालू ठेवूनच दार लावून घ्या. बदल तासाला सहा असतील तर पाऊण तास, कमी असतील किंवा मोजलेच नसतील तर निदान दोन तास. त्यानंतर आत जा, अंथरूण आवरा, जाळी धुवायला काढा.